खुळखुळ्याला फुलं ढीगभर, पण शेंगा का लागत नाहीत?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी मला जे समजलं ते सांगते, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. नागपुरात बेसा रोडकडे तुमचं घर आहे, कंपाउंडच्या भिंतीलगत जूनमध्ये खुळखुळ्याचं बी टाकलं, सात-आठ झाडं कमरेएवढी झाली, पोळ्यापासून पिवळ्या फुलांचे तुरे सुरू आहेत आणि दिवाळी होऊन गेली तरी शेंगा जेमतेम दोन-तीन, त्यातही एकीत रंगीत अळी निघाली. मधमाश्या दिसतात, फुलपाखरं तर भरपूर येतात. दुकानदाराच्या सल्ल्याने 19:19:19 हे खत दोनदा दिलं, मग बोरॉन मारलं, काही फरक नाही. आता मधमाश्यांची पेटी आणायची का आणि अळीवर काय मारायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली चौदा वर्षं नागपूरच्या आसपास देशी रानफुलांचं बी गोळा करते आणि घरामागे छोटी नर्सरी चालवते. खुळखुळ्याच्या बाबतीत हा प्रश्न मला दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच, फक्त प्रत्येक जण तो खताचा प्रश्न म्हणून विचारतो. झाड कमरेएवढं झालंय, दोन महिने फुलतंय, म्हणजे झाडाची तब्येत उत्तम आहे. तुमच्या बागेत फूल आहे, मध आहे, पराग आहे, फक्त ते फूल उघडू शकेल असा कीटक पुरेसा येत नाहीये. आणि तो का येत नाही याचं कारण बहुतेक वेळा फुलांच्या आसपास नसतंच, ते कंपाउंडमधल्या लाकूडफाट्यात असतं. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते.

पहिल्यांदा झाड तेच आहे ना बघून घ्या. खुळखुळा म्हणून आपल्याकडे तीन-चार झाडं चालतात. पान साधं एकपानी, टोकाकडे रुंद आणि टोकाला जराशी खाच असल्यासारखं, फूल पिवळं आणि मागच्या मोठ्या पाकळीवर तांबड्या-जांभळ्या रेघा, तुरा फांदीच्या शेंड्याला, असं असेल तर ती क्रोटालारिया रेटुसा, म्हणजे आपली घागरी किंवा खुळखुळा. रेटुसा हे नाव त्या टोकाच्या खाचेवरूनच आलंय. आणि क्रोटालारिया हे ग्रीक शब्दावरून, अर्थ पुन्हा खुळखुळ्यासारखं वाजणारं वाद्यच, म्हणजे वाळलेली शेंग हलवली की बी आत वाजतं, तिकडच्या लोकांनाही पहिल्यांदा हेच सुचलं, मला हे फार आवडतं. निळसर फुलाचा खुळखुळा वेगळा आणि ताग हा याचाच सख्खा नातेवाईक. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं झाड घागरीच वाटतं, तेच धरून पुढे बोलते. हे आपलं इथलंच झाड आहे, पावसाळ्यात उगवतं, हिवाळ्यात बी टाकतं आणि बहुतेक वेळा मरून जातं. म्हणजे याच्या हातात एकच हंगाम असतो, शेंग नाही लागली तर पुढच्या वर्षी तुमच्या भिंतीलगत काहीच नाही. म्हणून हा प्रश्न मला नुसता शोभेचा वाटत नाही.

आता फूल समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. उद्या सकाळी एक ताजं फूल तोडून हातात घ्या. मागे उभी मोठी पाकळी, ती लांबून दिसण्यासाठी. पुढे दोन बाजूंना दोन पाकळ्या, त्यांना पंख म्हणतात. आणि पंखांच्या मध्ये लपलेली, दोन पाकळ्या जोडून झालेली एक होडी, जिचं टोक वर वळून चोचीसारखं झालेलं असतं. दहाच्या दहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्या होडीत बंद असतात. वाटाणा, तूर, हरभरा सगळ्यांची घडण साधारण अशीच, पण खुळखुळ्याने ही होडी फारच घट्ट बंद केलीये. गंमत म्हणजे कळी उमलायच्या आधीच परागकोश फुटून पराग त्या चोचीत भरून ठेवलेला असतो. आणि मकरंद कुठे, तर पार तळाशी, मोठ्या पाकळीच्या बुडाजवळ.

आता दोन बोटांनी ते दोन पंख हळूच खाली दाबा. पंख होडीत अडकलेले असतात त्यामुळे होडीपण खाली जाते, पण आतले केसर जागचे हलत नाहीत, आणि चोचीच्या टोकातून पिवळा पराग टूथपेस्टसारखा बाहेर येतो. सोडलं की होडी पुन्हा वर, बंद. पुन्हा दाबलं की पुन्हा थोडा पराग, आणि मग स्त्रीकेसराचं टोक बाहेर डोकावतं. हे फूल म्हणजे एक छोटा पंप आहे. दाबायला किती जोर लागतो तेवढं फक्त लक्षात ठेवा.

तो जोर लहानग्या फुलोरी मधमाशीत नाही. सातेरी मधमाशीतही नसल्यासारखाच, आणि पोयाची माशी तर डासाएवढी, तिचा प्रश्नच नाही. तुम्हाला ज्या मधमाश्या दिसतात त्या काय करतात हे दहा मिनिटं बसून बघा. माझ्याकडे तरी त्या बाजूने, पाकळ्यांच्या बुडाच्या फटीतून सोंड घालतात, मध पितात आणि निघून जातात. होडी उघडतच नाही. म्हणजे दुकानाचं शटर बंद आणि मागच्या खिडकीतून माल गेला. आग्या माशी मोठी असते, ती कधी कधी जमवते असं वाटतं, पण ती आसपास मोठं झाड फुललेलं असलं की इकडे फिरकत नाही, तिच्या भरवशावर राहता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पराग आणि स्त्रीकेसर एकाच होडीत शेजारी शेजारी आहेत तर माशी कशाला पाहिजे, आपलं आपण होऊन जाईल की. तुरीचं तसंच होतं, तिचे परागकोश कळीतच फुटतात आणि माशी नाही आली तरी बऱ्याच शेंगा लागून जातात, म्हणून तुरीवाला शेतकरी माश्यांची चिंता करत नाही. पण तागाच्या बाबतीत हे पक्कं माहिती आहे की स्त्रीकेसराचं टोक कशाने तरी घासलं गेल्याशिवाय स्वतःचा पराग त्यावर काम करत नाही. नुसता शेजार पुरत नाही, घासलं गेलं पाहिजे. खुळखुळ्याचं मी माझ्याकडे करून बघितलंय, काही तुऱ्यांना कळीतच मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी बांधली आणि शेजारचे तुरे उघडे ठेवले, उघड्यांवर शेंगा लटकल्या आणि जाळीतल्यांवर एखाद-दुसरी. फुलं दोन्हीकडे सारखीच सुंदर होती. तुमची झाडं मला त्या जाळीतल्या तुऱ्यांसारखी वाटतात, फक्त जाळी डोळ्याला दिसत नाहीये.

फुलपाखरांबद्दल तर अगदी प्रत्येकाचा गैरसमज होतो आणि माझाही सुरुवातीला झालाच होता. केशरी प्लेन टायगर, निळसर पट्ट्यांचं ब्लू टायगर, काळपट कॉमन क्रो, ही मंडळी खुळखुळ्यावर एकेका वेळी दहा-दहा बसलेली दिसतात. नीट बघा ती कशावर बसतात. फुलावर नाही, वाळक्या पानांवर, मोडक्या फांदीवर, किडलेल्या शेंगेवर. या झाडात मोनोक्रोटालिनसारखी विषारी अल्कलॉइड्स असतात, नर फुलपाखरं वाळलेला भाग पायांनी खरवडून ती द्रव्यं शोषून घेतात आणि त्यापासून मादीला ओढणारा गंध बनवतात. म्हणजे तुमच्या झाडावर येणारी गर्दी औषधाच्या दुकानातली आहे, परागाशी तिचा काही संबंध नाही. शेपटीसारखे बारीक दोरे असलेलं छोटं निळं पी ब्लू येतं ते मात्र फुलाकळ्यांवरच येतं, पण अंडी घालायला, त्याची अळी कळ्या आणि कोवळ्या शेंगा पोखरते. ही सगळी येऊ देत, फक्त ती येतात म्हणजे परागीभवन होतंय असा हिशोब करू नका.

मग फूल उघडतं कोण? भुंगा. आपला काळा, जाडजूड, विमानासारखा आवाज करत येणारा, ज्याला बघून पोरं घरात पळतात तो. आपल्याकडे पूर्ण काळा असलेला एक मोठा आहे, आणि एक असा की मादीच्या पाठीवर पिवळी मखमल असते आणि नर पूर्णच पिवळट. भुंगा पंखांवर दाणकन उतरतो, डोकं मोठ्या पाकळीखाली खुपसतो, पायांनी रेटा देतो, होडी खाली जाते आणि पराग त्याच्या पोटाखालच्या बाजूला लागतो. एका तुऱ्यावर दोन-तीन फुलं, की पुढच्या झाडावर. तुमच्यासमोर एक जरी भुंगा असं करताना दिसला ना, तर तो गेल्यावर ते फूल बघा, चोचीच्या टोकाला पिवळं लागलेलं दिसेल.

दुसरी कामाची म्हणजे पान कापणारी माशी, लीफकटर. मधमाशीएवढी किंवा जरा दणकट, पराग पायावर नाही तर पोटाखालच्या केसांत गोळा करते, त्यामुळे तिचं पोट खालून पिवळंधमक दिसतं. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले की समजायचं ती तुमच्याकडे आहे. लोक ते बघून रोग समजून स्प्रे मारतात. तो रोग नाही हो, ती त्या तुकड्यांनी आपल्या पिल्लांच्या खोल्या बांधते. तुरीवरही हीच काम करते.

आता लाकडाकडे येते. हे मी पुस्तकातून शिकले नाही, नुकसान करून शिकले. माझ्या नर्सरीच्या कुंपणाला शेवग्याचं एक झाड होतं, वादळात पडलं, खोड तसंच पडून वाळलं, तीन-चार वर्षं तिथेच. घरी कार्यक्रम होता म्हणून मी एका उन्हाळ्यात ते तोडून, उचलून नेऊन टाकायला लावलं, बरोबर जुने बांबूही गेले. अंगण एकदम स्वच्छ झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. त्या पावसाळ्यात खुळखुळा नेहमीसारखा फुलला आणि शेंगा नेहमीच्या चौथाईही नाहीत. मला वाटलं सप्टेंबरचा पाऊस जास्त झाला. पुढच्या वर्षी पाऊस नीट होता, तरी तेच. मी माती बदलली, जागा बदलली, दुसरीकडचं बी आणलं. शेवटी उमरेड रोडला ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मी बी गोळा करते ते आजोबा घरी आले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते इथं लाकूड होतं नं पडलेलं, ते कुठं गेलं? मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी त्याचं घरच फेकलं, तं तो येईन कायले?"

त्यांच्या वावरात कापूस-तूर, धुऱ्यावर जुनी वाळकी झाडं, कुडाला बांबू आणि तुराट्या, गोठ्याला जुन्या बल्ल्या. तिथला धुऱ्यावरचा खुळखुळा कोणी लावत नाही, कोणी पाणी देत नाही, आणि हिवाळ्यात नुसता वाजत असतो. भुंगा लाकूड खात नाही, फक्त पोखरतो. मादी वाळक्या लाकडात किंवा बांबूत बोटाएवढं गोल भोक पाडते, आत लांब बोगदा, त्यात पराग आणि मधाचा एक गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाचा पडदा, मग पुन्हा गोळा आणि अंडं. एका बोगद्यात अशी थोडीच अंडी असतात. मधमाशीच्या पोळ्यात हजारो माश्या असतात, पोळं उठवलं तरी त्या दुसरीकडे बसतात. भुंग्याचं एक खोड गेलं की त्यातलं एक पूर्ण पिढीचं कुटुंबच गेलं, आणि आता बेसा, मनीषनगर, वर्धा रोडच्या नव्या लेआउटमध्ये सगळी दारं-खिडक्या अल्युमिनियमची, पर्गोला लोखंडाचा, झाडाची वाळकी फांदी दिसली की लगेच कापायची, कुंपणाच्या पऱ्हाट्या-बांबू इतिहासजमा. फूल लावायला सगळे तयार आहेत, पण राहायला जागा कुठेच नाही.

अर्थात मी तुमचं अंगण बघितलेलं नाही, त्यामुळे हे शंभर टक्के असंच आहे असं म्हणणार नाही. काही गोष्टी जागेवर अवलंबून असतात. झाडं भिंतीच्या सावलीत असतील आणि सकाळी दहा-अकरापर्यंत ऊन येत नसेल तर माश्या उन्हातल्या फुलांवर जातात, तुमच्याकडे येतच नाहीत. मुळाशी पाणी साचत असेल, आपली काळी माती कंपाउंडच्या कोपऱ्यात हमखास तुंबते, तर फुलं न फळता गळतात. पाठीमागे मोकळे प्लॉट आणि जुनी झाडं असतील तर भुंगे असतीलही, पण सात-आठच झाडं म्हणून ते वळत नसतील. आणि तुमच्या गल्लीत डासांचं फॉगिंग कधी होतं, शेजारी वाळवीसाठी किंवा लॉनवर काय मारतात, हे तुम्हालाच माहीत. म्हणून औषध-पेटी काहीही विकत आणायच्या आधी एक टेस्ट करा, फुकटची आहे आणि फुलं अजून चालू आहेत तोवर ह्याच आठवड्यात करा.

सकाळी आठ ते अकराच्या मध्ये, त्या दिवशी उमललेली ताजी फुलं घ्या. लाल दोरा घ्या. दहा-बारा फुलांचे पंख बोटांनी प्रत्येकी तीन-चार वेळा दाबा, आणि एका झाडाच्या फुलाचा पराग बोटाला लागला की तेच बोट दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या चोचीवर टेकवून मग ते फूल दाबा, म्हणजे पराग बदलला पण जाईल आणि टोक घासलंही जाईल. ज्यांना हात लावला त्या फुलांच्या देठाला सैल लाल दोरा बांधा. तेवढीच दुसरी फुलं निवडून त्यांना पांढरा दोरा बांधा आणि हात लावू नका. पंधरा दिवस थांबा, या काळात खत नाही, स्प्रे नाही, पाणी नेहमीसारखं. लाल दोऱ्यावर फुगलेल्या हिरव्या शेंगा आणि पांढऱ्यावर रिकामे देठ असं दिसलं तर तुमच्याकडे कीटकाचीच कमी आहे, विषय संपला. दोन्हीकडे शेंगा नसतील तर मग सावली, तुंबलेलं पाणी किंवा जास्तीचं खत बघावं लागेल, आणि तसं असेल तर झाडाचा पूर्ण फोटो, बुंध्याच्या मातीसकट पाठवा, मी बघते. आणि दोन्हीकडे शेंगा धरतात पण बारीक असतानाच भोक पडून गळतात असं असेल तर तो अळीचा मामला, त्याबद्दल खाली लिहिते.

खत एकदम बंद करा. ही कडधान्याच्या कुळातली झाडं, मुळावर गाठी असतात आणि त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. एक झाड हलकेच उपटून बघितलं तर गाठी दिसतील, कापली तर आतून गुलाबीसर. वरून नत्र टाकला की झाड पानं वाढवतं, मऊ होतं, मावा लागतो. बोरॉनचीही गरज नव्हती, पण ते मारल्याने काही बिघडलं नसेल, काळजी करू नका.

पेटी आणू नका. मधमाश्यांच्या पेटीत सातेरी किंवा परदेशी मेलिफेरा येणार, तिला होडी उघडत नाही हे वर आलंच, उलट तीच मागच्या खिडकीतून मध पिऊन जाईल आणि चुकून भुंगा आला तर त्याला रिकामं फूल मिळेल. रिकामं फूल दोनदा मिळालं की तो त्या जागेचा नाद सोडतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीला पेटी सांभाळणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, सावली, पाणी, ओलं पोतं, सगळं करावं लागतं. मधासाठी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, खुळखुळ्यासाठी नको.

करायचं काय तर लाकूड ठेवा. आंबा, सावर, पांगारा, शेवगा, ज्याचं वाळल्यावर मऊ होतं असं कुठलंही, मनगटापेक्षा जाड, रंग-वॉर्निश-डांबर न लावलेलं. उभं रोवा किंवा आडवं बांधा, पण जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी लागते. छज्जाखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी, सकाळचं ऊन मिळेल असं. बांबू बुरडांकडे मिळतो, एका बाजूला पेर बंद आणि दुसरं तोंड उघडं राहील असे वीतभर-दीड वीत तुकडे कापून घ्या, आतलं भोक भुंग्यासाठी साधारण 12 ते 15 मिलिमीटर, लीफकटरसाठी 6 ते 10. दहा-पंधरा तुकड्यांची मोळी करून आडवी, घट्ट बांधा, वाऱ्याने झुलत असेल तर त्यात कोणी राहत नाही. हे सगळं जानेवारीपर्यंत जागेवर असायला हवं, कारण थंडी सरली की माद्या घर शोधायला लागतात. पहिल्याच वर्षी येतील असं सांगत नाही, माझ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात पहिलं भोक दिसलं, खाली बारीक भुसा पडलेला, त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. घराच्या दाराला पोखरेल का, ही भीती सगळ्यांना असते. रंगवलेल्या लाकडाला तो सहसा हात लावत नाही, आणि अंगणात मऊ वाळकं लाकूड असेल तर दाराकडे कशाला जाईल. चावतो का, तर नराला नांगीच नसते आणि मादी हातात धरून दाबल्याशिवाय डंख करत नाही.

आणि त्याला वर्षभर खायला पाहिजे, फक्त पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत नाही. इथे लोक कमी पडतात. भुंगा बरेच महिने जगतो, खुळखुळा नसताना तो कुठे जाणार? उन्हाळ्याच्या तोंडाला शेवगा, एप्रिल-मेमध्ये बहावा, ज्याचे परागकोश भुंगा अंग थरथरवून झाडतो तो आवाज ऐकण्यासारखा असतो, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात तूर, आणि जवळपास बाराही महिने रुई. रुईची फुलं तर जणू भुंग्याच्या मापानेच बनवली आहेत, त्यातला परागाचा गठ्ठा उचलायला तोच लागतो. बहावा तुमच्या रस्त्यावर असेलच. रुई मोकळ्या प्लॉटवर उगवते आणि लोक ओसाडपणाची खूण म्हणून उपटतात, ती एक ठेवा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढंच. तुरीची पाच-सहा झाडं भिंतीलगत खुळखुळ्याच्या शेजारीच टाका, तुम्हाला शेंगाही मिळतील.

झाडांची संख्या पण वाढवा. सात-आठ झाडं भिंतीलगत एका रांगेत म्हणजे भुंग्यासाठी रस्त्यावरचा एखादा ठेला. वीस-पंचवीस झाडं एकत्र झुबक्यात असली की लांबून पिवळं दिसतं आणि तो रोज त्याच वेळी फेरी मारायला लागतो. बी तुमच्याकडे कमी असेल, म्हणून यंदा हाताने दाबून का होईना थोड्या शेंगा काढून घ्या. बियांचं कवच फार टणक असतं, तसंच टाकलं तर निम्मं बी पुढच्या वर्षीच्या पावसाची वाट बघत बसतं. जूनमध्ये पेरायच्या आधी सँडपेपरवर हलकं घासा किंवा कडकडीत गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा, फुगलेलं बी लगेच पेरा. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यानंतर स्थिरावतो, दोन चांगल्या सरी पडू द्या मग पेरा, घाई केली तर मधल्या उघडिपीत रोपं होरपळतात.

आता ती अळी. काळपट अंगावर पांढरं आणि नारिंगी असेल तर ती पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेल्या एका छोट्या सुंदर पतंगाची अळी आहे, युथेथायसा नाव त्याचं. ती शेंगेत शिरून बी खाते आणि झाडातलं विष स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून भडक रंग घेऊन दिवसाढवळ्या बसते, पाखरं तिला सोडून देतात. तुमच्याकडे दोन-तीनच शेंगा होत्या त्यातली एक तिने खाल्ली म्हणून तुम्हाला ती मोठी शत्रू वाटली. पन्नास शेंगा असत्या तर तुम्ही कौतुकाने फोटो काढला असता. कडुनिंबाचं तेलसुद्धा फुलांवर मारू नका. अगदीच वाटलं तर बी राखायच्या पाच-सहा शेंगांवरच्या अळ्या हाताने उचलून खालच्या पानांवर सोडा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. हे झाड गुरांना आणि घोड्यांना विषारी आहे, यकृत खराब होतं, आणि ते लगेच कळत नाही. तुमच्या भागात गाई मोकळ्या फिरतात. छाटलेली झाडं गेटबाहेर टाकू नका, वाळली तरी विष जात नाही. मुलांना शेंगा वाजवायला द्या, पण बी तोंडात घालू देऊ नका, आणि कोणी तागासारखीच म्हणून याच्या फुलांची भाजी करायला सांगितली तर ऐकू नका.

तर ताई, या आठवड्यात लाल-पांढरा दोरा, जानेवारीच्या आत लाकूड आणि बांबू, तोवर खत-स्प्रे बंद, एवढ्यावर सुरुवात करा. शेंगा काळपट-तपकिरी होऊन कानाशी वाजायला लागल्या की लगेच तोडा, एक-दोन दिवस उन्हात राहिल्या तर दुपारी तडकून बी उडून जातं. आणि पंधरा दिवसांनी मला फक्त दोन आकडे कळवा, लाल दोऱ्यावर किती शेंगा आणि पांढऱ्यावर किती. त्यावरून पुढचं ठरवू.